तुमच्या रिपोर्टमधले ठिपके आणि त्यातून जाणारी रेघ: ग्राहकांसाठी माहिती

तुम्ही लिहून पाठवलेल्या बीपी-शुगरच्या रीडिंगवरून बनवलेला ग्राफचा रिपोर्ट पाठवला की बरेच जण आम्हाला लगेच विचारतात, रेघ वर चाललीय, काही गडबड आहे का? म्हणून हे पत्रक. आमचं म्हणणं एकच आहे, आधी ठिपके नीट बघा, रेघेकडे नंतर या.

स्कॅटर प्लॉट म्हणजे हा ठिपक्यांचा ग्राफ, त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे दोन मापांची जोडी. समजा आडव्या बाजूला रात्रीची झोप किती तास आणि उभ्या बाजूला सकाळचं वरचं बीपी, तर एका दिवसाचा एक ठिपका. तारीख यात कुठेच नसते, त्यामुळे डावीकडचे ठिपके जुने आणि उजवीकडचे नवे असं समजू नका, हा गोंधळ फार होतो. ठिपके उजवीकडे खाली उतरत गेले असतील तर जास्त झोप झालेल्या दिवशी बीपी कमी आलंय, वर चढत गेले असतील तर उलटं. आणि सगळीकडे विखुरलेले असतील तर सरळ संबंध दिसत नाही, तेही एक उत्तरच आहे, त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

आता बेस्ट फिट लाईन, म्हणजे ठिपक्यांमधून जाणारी ती रेघ. ठिपका रेघेपासून वर किंवा खाली किती लांब आहे ते मोजायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची, आणि ही बेरीज ज्या रेघेला सगळ्यात कमी येते ती आपली रेघ. ही पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली छापली, तीही धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. वर्ग करतो म्हणून २ ने लांब असलेल्या ठिपक्याचं वजन ४ आणि १० ने लांब असलेल्याचं थेट १००, त्यामुळे तुमची रोजची रीडिंग १३० च्या आसपास असताना एके दिवशी जिना चढून आल्याआल्या घेतलेलं १६८ मधे घुसलं तर तो एकटा ठिपका अख्खी रेघ स्वतःकडे ओढतो, खासकरून तो अगदी कडेला असेल तर. असा ठिपका आम्ही गुपचूप काढून टाकत नाही, वेगळ्या रंगात दाखवतो आणि तुम्हाला विचारतो. अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले होते, चारही संचांची रेघ जवळजवळ सारखीच, पण ठिपके ग्राफवर मांडून बघितले तर चारही चित्रं पूर्ण वेगळी, एक तर चक्क कमानीसारखं वळलेलं. नुसत्या रेघेवर आमचा भरवसा का नाही ते यावरून कळेल.

शुगर असणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचा. लॅबच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सीच्या (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) खाली बऱ्याचदा सरासरी शुगर छापलेली असते, ती वेगळी मोजलेली नसते, ती अशाच एका रेघेवरून काढतात. २००८ च्या अभ्यासातून आलेलं सूत्र आहे, एचबीए१सी गुणिले २८.७, त्यातून ४६.७ वजा. म्हणजे ७ आलं तर १५४. पण त्याच अभ्यासात ७ वाल्या लोकांची खरी सरासरी साधारण १२३ ते १८५ इतकी पसरलेली होती! दोघांचा एचबीए१सी सारखा असला तरी शुगर सारखी असेलच असं नाही, आणि मीटरवरची तुमची सरासरी १५४ शी जुळली नाही तर मीटर बिघडलंय असं लगेच धरू नका, डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा.

रेघ ठिपक्यांच्या पुढे ओढू नका. तुमची झोप ५ ते ८ तासांच्या मधली असेल तर ११ तास झोपल्यावर काय होईल हे ती रेघ सांगू शकत नाही. आणि रेघ उतरती आली म्हणजे झोपेमुळेच बीपी उतरलं असंही नाही, एखाद्या रात्री गुडघा दुखत असेल तर झोपही मोडते आणि बीपीही चढतं, कारण तिसरंच. म्हणून आमचा ग्राफ बघून गोळी कमीजास्त करायची नाही, हे अगदी कळकळीने सांगतोय.

आणि एक विनंती, रीडिंग घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसा आणि मशीनवर दिसेल तोच आकडा लिहा. १३७ ला १४० लिहिलं की ठिपके १३० आणि १४० वर आडव्या रांगा करून बसतात, आम्हाला ते ग्राफ उघडल्या उघडल्या दिसतं, पण मधला छोटा फरक गेलेला असतो तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. औषध बदललं, ताप आला, प्रवास झाला, तर रीडिंगच्या शेजारी दोन शब्द लिहून पाठवा.