क्रॉस स्टिच : छंद आणि हातातल्या कामाची प्रगती

क्रॉस स्टिच म्हणजे दोन तिरके टाके एकमेकांवर घालून, फुली-फुलीने आकृती भरत नेण्याचे भरतकाम. मराठीत त्याला फुलीचा टाका असेही म्हणतात. साखळी, गहू किंवा काश्मिरी टाक्याच्या कामात नक्षी आधी कापडावर छापून घेतात. येथे कापड कोरे असते. नक्षी शेजारच्या ग्राफवर असते आणि घरे मोजत ती कापडावर उतरवायची असते. ग्राफवरचे एक घर म्हणजे कापडावरची एक फुली. त्यामुळे किती काम झाले आणि किती उरले, हे पहिल्या दिवसापासून आकड्यांत सांगता येते. टाका शिकायला एक दुपार पुरते. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालणारे काम पुढे नेत राहणे हीच या छंदातली खरी हातोटी आहे.

कापड, दोरा आणि हिशेब

जगभर सर्वाधिक वापरले जाणारे कापड म्हणजे आयडा. त्याच्या विणीतच चौकोन आणि त्यांच्या कोपऱ्यांवर भोके असतात. एका इंचात जितके चौकोन, तितका त्याचा काउंट: ११, १४, १६ आणि १८ हे नेहमीचे. नवशिक्यांसाठी १४ काउंट उत्तम, कारण भोके सहज दिसतात आणि चित्रही फार भरड वाटत नाही. लिननवर बहुधा दोन-दोन धाग्यांवरून टाका घेतात, म्हणून २८ काउंटच्या लिननवर फुली १४ काउंटएवढीच पडते. दोरा सहापदरी सुती असतो, लडी साधारण ८ मीटरची. त्यातून १४ काउंटसाठी दोन पदर सोडवून घेतात. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. धारदार सुई भोक सोडून धागाच फोडते.

काम हाती घेण्यापूर्वी एक हिशेब आवर्जून करावा. १४० घरे रुंद आणि २१० घरे उंच असा नमुना १४ काउंटवर १० इंच बाय १५ इंच होतो. पार्श्वभूमीसह सगळा भरायचा तर फुल्या होतात २९,४००. तासाला शंभर फुल्यांचा वेग धरला, तर हे २९४ तासांचे काम आहे. रोज एक तास बसणाऱ्याला जवळजवळ दहा महिने लागतील. याच नमुन्यात पार्श्वभूमी कोरी असेल आणि एक तृतीयांश भागच भरायचा असेल, तर ९८ तासांत काम उरकते. कापडाचा काउंट बदलला की चित्र लहान-मोठे होते, पण फुल्यांची संख्या तीच राहते. चित्र लहान झाले म्हणजे कष्टही कमी, ही समजूत पुष्कळांना महागात पडते.

छायाचित्रावरून संगणकाने तयार केलेल्या नमुन्यांबाबत विशेष सावध राहावे. संगणक चेहऱ्याच्या सावलीतही वीस-पंचवीस छटा शोधतो आणि एकेक घर वेगळ्या रंगाचे करून टाकतो. अशा विखुरलेल्या सुट्या फुल्यांना भरणारे लोक 'कॉन्फेटी' म्हणतात. एकाच रंगाचा दहा बाय दहाचा चौक तासाभरात भरतो. तोच चौक कॉन्फेटीचा असेल तर त्याला अनेक पट वेळ लागू शकतो, कारण हात भरण्यापेक्षा दोरा बदलण्यातच गुंततो. म्हणून नमुना निवडताना एकूण फुल्यांबरोबरच रंगांची संख्या आणि त्यांची विखुरण पाहणे आवश्यक आहे. चांगला नमुनाकार आठ-दहा रंगांत जे साधतो, ते संगणकाला ऐंशी रंगांतही अनेकदा साधत नाही.

काम पुढे कसे सरकते

कापडाची चार पदरी घडी घालून मध्य काढतात आणि चारही बाजूंना दोन-तीन इंच मोकळे सोडतात. त्यानंतर कापडावर दर दहा घरांनी रेघा आखणे, ही सबंध कामातली सर्वांत फायद्याची अर्धी दुपार होय. ग्राफवर दर दहा घरांनी ठळक रेघ असतेच. कापडावरही ती आली की मोजण्यातली चूक दहा घरांच्या आत सापडते. रेघांसाठी पाण्याने जाणारे पेन किंवा धावदोऱ्याने घातलेला गुळगुळीत नायलॉनचा दोरा वापरतात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या शाईची पेने टाळावीत. इस्त्रीने गेलेली रेघ थंडीत पुन्हा उमटू शकते.

दोऱ्याची सुरुवात गाठीने करत नाहीत, कारण गाठ कापडाच्या दर्शनी बाजूला फुगवटा आणते. दोन पदरांनी भरायचे असेल तर दुप्पट लांबीचा एकच पदर मधोमध दुमडतात आणि दोन्ही टोके नेढ्यात ओवतात. पहिल्या अर्ध्या टाक्यानंतर मागे उरलेल्या फाशातून सुई काढून ओढली की दोरा पक्का बसतो. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असे वाटते, प्रत्यक्षात तो पिळतो, गुंततो आणि त्याची चकाकी जाते. अधूनमधून सुई लोंबती सोडली की पीळ आपोआप उलगडतो.

प्रत्येक फुलीचा वरचा पाय, म्हणजे वरचा तिरका टाका, एकाच दिशेला हवा. हा नियम छोटा असला तरी सगळी सफाई त्याच्यावरच उभी आहे, कारण दोऱ्यावरचा प्रकाश पायाच्या दिशेनुसार परततो आणि उलटा पडलेला एक टाकाही डागासारखा दिसतो. फुल्या भरण्याच्या दोन रीती आहेत. इंग्लिश पद्धतीत एकेक फुली पुरी करत जातात. डॅनिश पद्धतीत ओळभर अर्धे टाके घालत जायचे आणि परतताना ते पुरे करायचे. सलग रंगासाठी दुसरी रीत वेगवान, सुट्या टाक्यांसाठी पहिली बरी.

कोणत्या क्रमाने भरावे, यावर मात्र एकमत नाही. काही जण एक रंग घेऊन तो संपूर्ण चित्रभर भरतात. काही जण दहा बाय दहाचा चौक पुरा केल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिसरी रीत 'पार्किंग'ची: एका चौकातले रंगाचे काम संपले की दोरा न तोडता तो त्याच रंगाच्या पुढच्या घरात वर काढून लोंबता ठेवायचा. दाट रंगांच्या मोठ्या चित्रांत यामुळे मोजणी वाचते. पण पहिल्याच कामात तीस दोरे लोंबत ठेवणाऱ्याचा उत्साह लवकर मावळतो. नवख्याने चौकाची रीत धरावी. दिवसाकाठी एक चौक हे मोजमाप मनाला पेलते, आणि कमी वेळ मिळाला तरी काहीतरी पुरे झाल्याचे दिसते.

भरलेली घरे ग्राफवर लगेच रंगवून टाकणे हा या छंदातला खरा हिशेबनीसपणा. कागदी ग्राफची झेरॉक्स काढून तिच्यावर पिवळा हायलायटर फिरवण्याची रीत जुनी. आता पॅटर्न कीपरसारखी ॲपे एकाच रंगाच्या खुणेची सगळी घरे उजळून दाखवतात आणि भरलेल्या फुल्यांची टक्केवारीही काढतात. पुष्कळ जण ठरावीक दिवशी, त्याच जागी, त्याच उजेडात कामाचे छायाचित्र घेतात. रोज पाहणाऱ्याला काम थांबल्यासारखे वाटते. महिन्यापूर्वीचे चित्र शेजारी ठेवले की झालेली भर स्पष्ट होते.

चूक झाली की उसवायचे की नाही, हा नेहमीचा पेच. एखाद्या पानाच्या कडेला एक फुली जास्त पडली तर सोडून द्यावी, नमुना थोडा वळवून घ्यावा. मात्र एका घराने सरकलेली ओळ पुढच्या सगळ्या आकृतीला ढकलत नेते. ती तेव्हाच उसवलेली बरी. उसवलेला दोरा सहसा पुन्हा वापरत नाहीत.

शेवटी येते बॅकस्टिच, म्हणजे बाह्यरेषा. ती येईपर्यंत चित्रातला पक्षी, उदाहरणार्थ, हा रंगांचा ढिगारा असतो. डोळा, चोच, पंखांच्या कडा तिनेच येतात. काम नव्वद टक्के झाल्यावरही चित्र फसल्यासारखे वाटत असेल, तर बहुधा बाह्यरेषाच राहिलेली असते.

अपुरी कामे

या छंदात एकाच वेळी अनेक कामे चालू असणे हा नियमच आहे. जगभरचे हौशी लोक चालू कामांना डब्ल्यूआयपी (वर्क इन प्रोग्रेस) आणि दीर्घकाळ बाजूला पडलेल्या कामांना यूएफओ (अनफिनिश्ड ऑब्जेक्ट) म्हणतात. बरेच जण कामांची पाळी लावतात: एका कामाला दहा तास किंवा ग्राफचे एक पान, मग दुसरे. मोठ्या चित्राच्या जोडीला हाताएवढे एखादे काम ठेवण्याची पद्धत शहाणपणाची आहे. मोठ्याचा कंटाळा आला तरी सुई सुटत नाही. गटाने एकच नमुना टप्प्याटप्प्याने भरण्याचे उपक्रम चालतात. वर्षभर दररोजच्या तापमानानुसार ठरवलेल्या रंगाने एकेक खूण भरण्याचाही प्रकार लोकप्रिय आहे.

अपुरे काम लाजिरवाणे मानण्याचे कारण नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १८३० च्या सुमाराचे एक लिननचे कापड आहे. १८१३ साली जन्मलेल्या एलिझाबेथ पार्कर या ससेक्समधल्या मुलीने त्यावर लाल रेशमाने, बारीक फुल्यांनी, ओळींमागून ओळी मजकूर भरला. मला लिहिता येत नाही म्हणून हे असे मांडते, अशी तिची सुरुवात आहे. घरकामाच्या जागी झालेला छळ आणि जीव देण्याचे मनात आलेले विचार तिने त्यात सांगितले आहेत. माझ्या आत्म्याचे काय होणार, या प्रश्नाशी मजकूर तुटतो आणि खालचे कापड कोरेच आहे. पुढे ती शाळेत शिकवू लागली आणि वृद्धापकाळापर्यंत जगली. अक्षर न् अक्षर मोजून भरलेल्या या कापडाइतका फुलीच्या टाक्याचा गंभीर उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेले ब्रिटिश अधिकारी मेजर ॲलेक्सिस कॅसडॅग्ली यांनी १९४१ मध्ये कॅनव्हासच्या तुकड्यावर, जुन्या स्वेटरचे धागे सोडवून, फुल्यांची चौकट भरली. तिच्या किनारीतल्या ठिपक्या-रेघांत मोर्स लिपीत 'गॉड सेव्ह द किंग' आणि हिटलरला दिलेली शिवी होती. पहारेकऱ्यांच्या ते ध्यानात आले नाही. कापड छावण्यांत उघड टांगलेले असे.

पूर्वपीठिका

मोजून भरायच्या नमुन्यांची छापील पुस्तके युरोपात सोळाव्या शतकापासून मिळतात. नमुने व टाके जपून ठेवण्यासाठी भरलेल्या कापडाला सॅम्प्लर म्हणत. जेन बॉस्टॉक हिने भरलेले १५९८ चे सॅम्प्लर हे तारीख असलेले सर्वांत जुने ब्रिटिश सॅम्प्लर मानले जाते. एकोणिसाव्या शतकात बर्लिनहून आलेल्या रंगीत चौकटीच्या नमुन्यांनी लोकरीच्या भरतकामाची लाट आणली. १७४६ मध्ये आजच्या फ्रान्समधील म्युलूझ येथे सुरू झालेल्या व्यवसायातून वाढलेल्या, दोरे बनवणाऱ्या डीएमसी कंपनीचे रंगक्रमांक आज जवळपास सर्व नमुन्यांची भाषा झाले आहेत. त्यातला ३१० म्हणजे काळा, हे छंदातल्या प्रत्येकाला पाठ असते. युक्रेनच्या भरतकाम केलेल्या सदऱ्यांत फुलीचा टाका मुख्य आहे. पॅलेस्टिनी बायकांच्या झग्यांवरचे भरतकामही याच टाक्याचे असून नक्षीवरून गाव ओळखता येई. या कलेचा युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

महाराष्ट्रात

मराठी घरांत हा टाका मॅटीच्या, म्हणजे चौकटीदार विणीच्या, कापडावर रुळला. तोरणे, टेबलक्लॉथ, पडदे, उशांचे अभ्रे आणि चौकटीत बसवलेले गणपती हे त्याचे नेहमीचे रूप. लग्नाच्या रुखवतात वधूने भरलेल्या वस्तू मांडत, त्यांतही फुलीचे काम असे. काही मॅटीची वीण आडवी आणि उभी सारखी नसते, त्यामुळे गोल चक्र लांबट होते. कापड घेतानाच दोन्ही दिशांनी एकेक इंच मोजून पाहावे. आपल्याकडे अँकर कंपनीचे दोरे सहज मिळतात, पण त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. डीएमसीच्या ३१० ला अँकरचा ४०३ चालतो. इतर रंगांचे तुलनात्मक तक्ते मात्र जवळची छटा सांगतात, तंतोतंत नव्हे. एका चित्रात दोन्ही मिसळण्यापेक्षा एकाच कंपनीचे सगळे घ्यावे. पार्श्वभूमीच्या लड्या तर एकदमच घ्याव्यात, नाहीतर पुढच्या खेपेला रंगात फरक पडू शकतो.

दक्षिण महाराष्ट्राच्या ओळखीची इरकल साडी आणि तिच्यावरचे धारवाडकडचे कसुती भरतकाम हे या टाक्याचे जवळचे आप्त. कसुतीत गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके. त्यांतला मेंथी म्हणजे फुलीचाच टाका. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन असे आकार कापडाचे धागे मोजत, काही न छापता भरतात.

देवनागरी अक्षरे चौकटीत बसवायची तर शिरोरेषा आणि काना सोपे, वळणे अवघड. नऊ-दहा घरांहून कमी उंचीत क, ळ, ज्ञ यांचे पोट नीट येत नाही, आणि वेलांटी-मात्रांसाठी वर तीन-चार, उकारासाठी खाली तेवढीच घरे राखावी लागतात. तयार नमुने थोडे असल्याने चौकटीच्या वहीवर शब्द स्वतः आखून, त्याची घरे मोजून, मधल्या घरापासून भरायला घ्यावा.

शेवटचे हात

भरून झालेले कापड थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतात. लाल आणि गडद निळ्या दोऱ्यांचा रंग सुटला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहायचे, मध्येच वाळत घालायचे नाही. इस्त्री जाड टॉवेलवर कापड पालथे टाकून, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत. पुढे तोरण करायचे असेल तर मागून अस्तर हवे. फ्रेम करायची असेल तर कापड पुठ्ठ्यावर ताणून मागून दोऱ्याने जाळी घालावी, डिंकाने चिकटवू नये, कारण त्याचे डाग काही वर्षांनी दर्शनी बाजूला येतात. काच टाक्यांना टेकू देऊ नये. कोकणासारख्या दमट हवेत काचेआड बुरशी धरते, तेव्हा फ्रेम बाहेरच्या भिंतीवर न लावता आतल्या कोरड्या भिंतीवर लावावी आणि पावसाळ्यानंतर एकदा मागचा पुठ्ठा उघडून पाहावा.