पोट शिकवतं, नाक शिकतं

जूनअखेर वेंगुर्ल्याला आत्याकडे गेलो होतो. सोबत पुण्यात वाढलेला नऊ वर्षांचा भाचा. पाऊस कोसळत होता, मासेमारी बंद, ताजी मासळी मिळायची सोय नव्हती. आत्याने बरणीतला सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोळंबी, काढून कोरड्याच तव्यावर टाकला. दोन मिनिटांत तो लालसर झाला, कुरकुरायला लागला आणि वास थेट पडवीपर्यंत गेला. मग कांदा, ओलं खोबरं, तिखट, भिजवलेली दोन सोलं (आमसुलं), सगळं हाताने चुरून किसमूर. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भाचा नाक दाबून बाहेर जाऊन बसला. आत्या म्हणाली, "रवांदे, तेच्या रगतातच नाय ता."

मासळीची आवड रक्तातच असावी लागते, हे मी कोकणात लहानपणापासून ऐकत आलोय आणि ते मला कधीच पटलेलं नाही. जन्मतः आपण आणतो ते फार थोडं: गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा. पहिल्याच दिवशी बाळाच्या जिभेला साखरेचं पाणी लावा, ते ओठ चाटतं. कडू लावा, तोंड वेडंवाकडं करतं. वनस्पतींमधली बरीच विषं कडू असतात, म्हणून आपल्या जिभेवर कडू ओळखणारे जवळपास २५ प्रकारचे ग्राहक रेणू (रिसेप्टर) आहेत. पण जवळा कडू नसतो. त्याची जी 'चव' म्हणतो तो मुख्यतः वास असतो. घास चावताना तो घशामागून वर नाकात चढतो. समुद्री जिवांच्या मांसातून सुटणारं ट्रायमिथाइलअमाइन या वासात मोठा वाटा उचलतं. सोलं घातली की आंबटपणामुळे त्याचं क्षारात रूपांतर होतं, ते हवेत उडत नाही आणि वास मवाळ होतो. मासळीत आमसूल घालणाऱ्या बायकांना हे रसायन कुणी शिकवलेलं नव्हतं.

वासाची आवडनिवड मात्र बव्हंशी शिकलेली असते. ती शिकवतं कोण? बहुतेकजण म्हणतील जीभ, किंवा सवय. सवयीचा भाग आहेच. लीआन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले. जितक्या जास्त वेळा चाखले, तितकी आवड वाढत गेली. पुढे असंही दिसलं की नुसतं बघून चवीची आवड वाढत नाही, पदार्थ तोंडात जावा लागतो. पण मला मोह आहे तो दुसऱ्या शिक्षकाचा. तो शिक्षक म्हणजे आतडं.

अँथनी स्क्लाफानी यांचा १९८८ चा प्रयोग बघा. उंदरांना दोन निरनिराळ्या चवींचं पाणी प्यायला ठेवलं. एक चव प्यायली की नळीतून थेट जठरात पिष्टमय पदार्थ सोडायचा, दुसरी प्यायली की नुसतं पाणी. म्हणजे जिभेला पिष्टाचा स्पर्शही नाही. थोड्याच दिवसांत उंदीर पहिल्या चवीवर तुटून पडायला लागले. पोटात काय पडलं हे पोटाने ओळखलं आणि श्रेय दिलं तोंडातल्या चवीला.

पण ही बातमी वर पोचते कशी? २००८ साली इव्हान दे अरौजो आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात गोड चव ओळखणाऱ्या साखळीतला एक आवश्यक दुवा, टीआरपीएम५ नावाची पेशीतली प्रथिन-वाहिनी, जन्मतःच नव्हता. साखर आणि पाणी त्यांना जिभेवर सारखंच. तरी काही दिवसांत ते साखरेच्या बाटलीकडेच जायला लागले आणि साखर प्यायल्यावर त्यांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या आवड शिकण्याशी संबंधित भागात डोपामाइन वाढलेलं दिसलं. डोपामाइनला लोक 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते अर्धवट आहे; इथे त्याचं काम 'हे लक्षात ठेव, पुन्हा शोध' असं शिक्कामोर्तब करण्याचं आहे. मग २०१८ मध्ये दिएगो बोहोर्केस यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या आतड्याच्या अस्तरातल्या न्यूरोपॉड नावाच्या संवेदक पेशी व्हेगस मज्जातंतूशी, म्हणजे पोट आणि मेंदू जोडणाऱ्या नसेशी, थेट जोडणी करतात आणि ग्लुकोज आल्याचा निरोप ग्लुटामेट या निरोप्या रसायनामार्फत काही सहस्रांश सेकंदांत देतात. तो निरोप मानेजवळच्या नोडोज गुच्छिकेतून (मज्जापेशींच्या गाठीतून) मस्तिष्कस्तंभात आणि तिथून पुढे स्ट्रायटमकडे. पूर्वी वाटायचं की आतड्यातल्या अशा पेशी फक्त संप्रेरकं सोडतात, म्हणजे टपालाने पत्र पाठवतात. इथे चक्क तार जोडलेली निघाली!

माणसांवर असे प्रयोग इतके ठाम येत नाहीत, कारण आपल्या ताटात एका वेळी दहा वास असतात. पण आता आत्याच्या घरातला जुना पावसाळा डोळ्यांपुढे आणा. लावणीत दिवसभर चिखलात वाकून पोरं घरी यायची, भूक खवळलेली. समोर उकड्या तांदळाची गरम पेज आणि बाजूला चिमूटभर जवळा. पेजेतलं पिष्ट आतड्यात उतरायचं, निरोप वर जायचा, आणि त्याच वेळी नाकात असलेल्या वासाला श्रेय मिळायचं. वर्षानुवर्षं, आषाढ-श्रावणात, रोज. रक्तात आवड असते ती अशी.

हे शिकणं उलटही चालतं. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये दाखवलं की गोड पाण्यासोबत उंदरांना आजारी पाडणारा किरणोत्सर्ग दिला की पुढे ते गोड पाण्यालाही तोंड लावत नाहीत. मी स्वतः शाळकरी वयात तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) खाल्ल्या त्याच रात्री तापाने आणि उलट्यांनी हैराण झालो. गावभर साथ होती, तिसऱ्यांचा काही दोष नव्हता, हे मला पुरतं कळतं. पोटाला ते आजही पटलेलं नाही.

म्हणून जेवत नसलेल्या मुलावरून मीठ-मोहरी-मिरच्या उतरवणं थांबवा. दोन ते सहा वर्षांच्या वयात नवा पदार्थ नाकारणं देशोदेशीच्या मुलांत दिसतं आणि बहुतेकांत आपोआप ओसरतं. दृष्टीचा त्यात संबंध नाही. 'जिभेचं शुद्धीकरण' करणाऱ्या चूर्णांवरही पैसे घालवू नका. दटावून घास कोंबणं तर त्याहून वाईट, कारण त्या वेळची चीड आणि मळमळ त्याच वासाला चिकटते.

भाच्याबाबतीत आत्याला एवढंच सांगितलं की त्याला आग्रह नको, समुद्रावरून भिजून-दमून आला की पेज वाढ, जवळा काठावर ठेव. तीन दिवस तो तसाच राहिला. चौथ्या दिवशी एक काडी चाखली, तोंड वाकडं केलं, वर पेज प्यायली. नवव्या दिवशी बोलता बोलता त्याने काठावरचा जवळा बोटाने पेजेत लोटला आणि भुरकायला लागला. आत्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. सुक्या बोंबलाला तो अजून हात लावत नाही. तो वास त्याच्या पोटाने अजून शिकलेला नाही.