ठपका ठेवून काढलेला एजंट: अमेरिकेतल्या एका नियमाची पार्श्वभूमी

अमेरिकेत विमा कंपनी एजंटचा करार संपवते, तेव्हा पुढचं बरंचसं एका गोष्टीवर ठरतं: कंपनीने कारण लिहिलं आहे की नाही. बहुतेक करारांत ठरावीक दिवसांची नोटीस देऊन, काहीही न सांगता, कोणत्याही बाजूला वेगळं होता येतं. तसं झालं तर एजंटचं नुकसान होतं, पण नाव शाबूत राहतं. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलं, तर मात्र तो ठपका कंपनीच्या दप्तरात थांबत नाही. तो राज्याच्या विमा आयुक्ताकडे जातो आणि पुढची प्रत्येक कंपनी त्याबद्दल विचारते. दोघांमधल्या खासगी कराराच्या भांडणात सरकार आलं कुठून?

त्याचं मूळ १८६६ मध्ये सापडतं, आणि तेही एका एजंटच्याच खटल्यात. व्हर्जिनिया राज्याने त्या वर्षी कायदा केला: बाहेरच्या राज्यातल्या विमा कंपनीने आमच्या तिजोरीत रोखे ठेवावेत, मगच तिच्या एजंटला परवाना मिळेल. पीटर्सबर्गचा सॅम्युएल पॉल न्यूयॉर्कच्या कंपन्यांचं काम करायचा. कंपन्यांनी रोखे भरले नाहीत, पॉलला परवाना नाकारला गेला, तरी त्याने पॉलिसी विकली. त्याला ५० डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८६९ मध्ये निकाल लागला की विमा हा आंतरराज्य व्यापार नाही, त्यावर राज्यांनीच नियंत्रण ठेवावं. दोन वर्षांत, १८७१ मध्ये, राज्यांच्या विमा आयुक्तांची राष्ट्रीय संघटना, एनएआयसी, उभी राहिली. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी भूमिका बदलली, पण अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९४५ चा मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचा लगाम पुन्हा राज्यांच्याच हाती दिला.

या निकालाकडे सहसा कंपन्यांच्या बाजूने पाहिलं जातं. मला त्यातला एजंट महत्त्वाचा वाटतो. दूरच्या शहरातल्या कंपनीला राज्य हात लावू शकत नव्हतं. एजंट मात्र तिथेच राहत होता. म्हणून राज्याने एजंटला धरलं. पुढे रुळलेली पद्धत हीच: परवाना राज्याचा, नेमणूक कंपनीची, आणि बहुतेक राज्यांत त्या नेमणुकीची नोंद सरकारदरबारी. नेमणूक नोंदवली जाते म्हटल्यावर ती रद्द झाल्याचंही कळवावं लागणार. ठपक्याचा अहवाल सरकारकडे जाण्याची वाट अशी तयार झाली.

एजंटांनी मात्र बराच काळ लढाई लढली ती नावासाठी नव्हे, कमाईसाठी. आगीचा विमा विकणाऱ्या स्थानिक एजंटांनी १८९६ मध्ये राष्ट्रीय संघटना बांधली. कोणत्या गिऱ्हाइकाची पॉलिसी कधी संपते, ही नोंद या धंद्यात सोन्याची. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गाजलेल्या ‘याँकर्स प्रकरणा’तून तत्त्व रुजलं की स्वतंत्र एजंटच्या बाबतीत त्या नोंदींवर हक्क एजंटचा, कंपनीचा नाही. कंपनी गेली तरी गिऱ्हाईक हातात राहतं, ही त्याची ढाल झाली.

एकाच कंपनीसाठी काम करणाऱ्या एजंटला ही ढाल नव्हती. नेशनवाइड कंपनीच्या डार्डन नावाच्या एजंटचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. त्याच्या करारात निवृत्तीची रक्कम होती, पण अट अशी, की काम सुटल्यापासून वर्षभरात, जुन्या जागेपासून २५ मैलांच्या आत, प्रतिस्पर्धी कंपनीचा विमा विकला तर ती रक्कम बुडाली. १९८० मध्ये कंपनीने करार संपवला. महिन्याभरात तो दुसऱ्या कंपन्यांचं काम करू लागला आणि कंपनीने पैसे नाकारले. निवृत्तिलाभाच्या संघीय कायद्याचं संरक्षण त्याला मिळेल का? १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संरक्षण ‘कर्मचाऱ्या’ला आहे, आणि एजंट कर्मचारी आहे की नाही हे त्याच्या कामावर कंपनीचा ताबा किती, अशा पारंपरिक कसोट्यांवर ठरेल. रोजचं काम कंपनीच्या सांगण्यावरून, पण कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक, अशा असंख्य एजंटांची कोंडी या एका खटल्यात दिसते.

नावाच्या संरक्षणाचा नियम आला तो २००० च्या आसपास, आणि तोही वेगळ्याच दबावाखाली. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने राज्यांना बजावलं होतं: निम्म्याहून अधिक राज्यांनी तीन वर्षांत परवान्याच्या पद्धती जुळवून घ्याव्यात, नाहीतर राष्ट्रीय पातळीवरची संस्था येईल. तेव्हा एनएआयसीने विमाविक्रेत्यांच्या परवान्याचा नमुना कायदा आणला आणि थोड्याफार फरकाने बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला.

या कायद्याचं पंधरावं कलम प्रत्येक एजंटने मुळातून वाचावं. करार संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीने आयुक्ताला कळवायचं. कळवल्यावर १५ दिवसांत त्याची प्रत एजंटच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवायची. ठपका असेल तर पोहोच मिळेल अशा टपालाने. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत एजंट आपलं लेखी म्हणणं आयुक्ताकडे मांडू शकतो. ते फायलीत लागतं, आणि अहवालाची प्रत पुढे ज्याला ज्याला जाईल त्याला एजंटचं म्हणणंही सोबत जातं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात एजंटच्या पदरात पडलेली ही सर्वांत मोलाची तरतूद आहे, आणि राग, धक्का, वकिलाचा शोध यांत तिचे ३० दिवस निसटून जाणं फार सोपं आहे. घर बदललं आणि पत्ता कळवला नाही, तर लिफाफा जुन्या दारावर जातो.

दुसरी बाजू कंपनीची. आकसाशिवाय दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी दावा चालत नाही, आणि आयुक्ताकडचे कागद गोपनीय असल्याने एजंटला खासगी दाव्यात ते तिथून मागवता येत नाहीत.

इथे एक गफलत वारंवार होते. करारातलं ‘कारण’ आणि कायद्यातलं ‘कारण’ एक नाही. कायद्याची यादी बाराव्या कलमात आहे: पैशांचा अपहार, अर्जावर खोटी सही, पॉलिसीच्या अटींबद्दल जाणूनबुजून दिशाभूल, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरणं, आणि अशीच आणखी काही. करारात मात्र कंपनी हवं ते घालू शकते. कमी धंदा किंवा दुसऱ्या कंपनीचं काम करणंही. त्या कारणाने रिन्यूअल कमिशन, म्हणजे जुन्या पॉलिसी चालू राहिल्या की मिळणारी दलाली, बंद होऊ शकतं, पण तेवढ्याने ते कायद्याच्या यादीत बसत नाही. म्हणून उत्तर लिहिताना पहिला प्रश्न हाच: यांनी माझ्यावर लावलेलं कारण त्या यादीत आहे का?

शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसी विकणाऱ्यांना आणखी एक कागद चुकत नाही. त्यांची नोंदणी फिन्रा या, शेअर-रोख्यांच्या दलालांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडेही असते आणि काम सुटल्यावर कंपनी ३० दिवसांत, ते का सुटलं हे सांगणारा ‘यू-५’ फॉर्म भरते. मेटलाइफच्या एका माजी प्रतिनिधीने त्यातल्या मजकुरावरून बदनामीचा दावा लावला. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ठरवलं की या फॉर्मवरच्या विधानांना संपूर्ण संरक्षण आहे. म्हणजे त्या राज्यात, आकस सिद्ध झाला तरी, बदनामीचा दावा टिकत नाही. इतर राज्यांतल्या न्यायालयांची भूमिका याबाबत एकसारखी नाही.

आणि परवान्याच्या सामाईक अर्जावर एक प्रश्न आजही छापलेला आहे: कथित गैरवर्तनावरून कोणत्याही विमा कंपनीने तुमच्याशी असलेला करार कधी संपवला आहे का? ‘कथित’ म्हटल्यामुळे, आरोप सिद्ध झाला नसला तरी उत्तर ‘हो’ द्यावं लागतं आणि सोबत लेखी खुलासा व कागद जोडावे लागतात. ‘नाही’ लिहिलं, तर अर्जात खोटी माहिती देणं हे बाराव्या कलमातलं पहिलंच कारण आहे.