जनुक बसलं, हे कशावरून?

गोव्यात मांडवीकाठी दिवाडी-चोडणसारख्या गावांत खाजनाचा, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला की भरतीचं पाणी भातात शिरतं. भाताला मीठ सोसत नाही. मातीची विद्युतवाहकता, म्हणजे तिच्यातल्या मिठाचं माप, ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं, पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १२ टक्क्यांनी. बांधापलीकडचं तिवर, खारफुटीचं झाड, मात्र त्याच पाण्यात हिरवंगार असतं. मग तिवराचं जनुक भातात का घालू नये? चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात असा प्रयोग झालेला आहे. डीएनए कापणं आणि जोडणं हा त्यातला सोपा भाग. घाम निघतो तो जनुक खरंच बसलं का, हे ठरवताना.

सुरुवात पानापासून. १०० मिलिग्रॅम कोवळं पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात पूड करायची आणि ६५ अंश सेल्सिअसच्या सीटॅब या पेशी फोडणाऱ्या द्रावात अर्धा तास ठेवायची. क्लोरोफॉर्मने प्रथिनं निघून जातात, आयसोप्रोपॅनॉल घातलं की डीएनए खाली बसतो. भाताच्या पानातून बहुधा पांढरा धागा मिळतो. खारफुटीच्या पानातून पुष्कळदा तपकिरी, चिकट गोळा हाती येतो. पानांतली पॉलिफेनॉलं हवेने काळवंडून डीएनएला चिकटलेली असतात आणि अशा नमुन्यावर पुढची एन्झाइमं नीट चालत नाहीत. त्यासाठी द्रावात आधीच १-२ टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉलं धरून ठेवणारं) आणि थोडं मर्कॅप्टोइथेनॉल (काळवंडणं रोखणारं) घालावं. गोळा तपकिरी झाल्यावर धुऊन फारसा उपयोग नसतो.

या डीएनएतून हवं ते जनुक पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवतात: ९५ अंशांवर धागे सुटे होतात, ५५च्या आसपास प्रायमर (जनुकाच्या दोन टोकांवर बसणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटतात, ७२ला प्रत तयार होते. ३० फेऱ्यांत एकाचे, निदान कागदावर तरी, १०७ कोटी.

आता कापणं. इको-आर-वन हे एन्झाइम जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं दिसली की तिथेच कापतं आणि दोन्ही टोकांना चार अक्षरांचा सुटा पदर ठेवतं. अशी सहा अक्षरं सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा येतात, त्यामुळे ती आपल्याच जनुकाच्या पोटात नाहीत ना, हे आधी पाहायचं. ही खूण प्रायमरच्या टोकाला जोडताना तिच्या बाहेर आणखी चार-सहा अक्षरं ठेवायची; अगदी कडेला एन्झाइमची पकड बसत नाही. २० मायक्रोलिटर मिश्रणात १ मायक्रोग्रॅम डीएनए, १ मायक्रोलिटर एन्झाइम, ३७ अंश, एक तास. लवकर व्हावं म्हणून एन्झाइम जास्त ओतलं तर त्यातल्या ग्लिसरॉलमुळे ते भलत्याच जागी कापू लागतं. दोन टोकांना दोन वेगळी एन्झाइमं वापरणं शहाणपणाचं, नाहीतर निम्म्या वेळा जनुक उलटं बसतं.

जनुक ज्यात बसवायचं ते प्लाझ्मिड, म्हणजे बॅक्टेरियातला डीएनएचा छोटा गोल. ३,००० अक्षरांचं प्लाझ्मिड ५० नॅनोग्रॅम घेतलं, तर १,००० अक्षरांचं जनुकही ५० नॅनोग्रॅमच लागतं. वजन तेच, पण रेणू तिप्पट. टी-फोर लायगेज हे जोडणारं एन्झाइम १६ अंशांवर रात्रभरात टोकं सांधतं. या लायगेजच्या बफरमध्ये, म्हणजे ते ज्या द्रावात काम करतं त्यात, जोडायला ऊर्जा देणारं एटीपी असतं, आणि बफर चार-पाचदा गोठवून वितळवला की ते मरतं. जोड का होत नाही म्हणून सगळे एन्झाइमला दोष देतात. बफर आधी बदलून पाहावा.

जोडलेलं प्लाझ्मिड ई. कोलाय बॅक्टेरियात घालायचं: बर्फावर ३० मिनिटं, ४२ अंशांच्या पाण्यात ४५ सेकंद, पुन्हा बर्फ, मग तासभर खाद्यद्रावात. लाखो पेशींतल्या मूठभरच प्लाझ्मिड घेतात. त्या शोधायच्या तर पेशी वाढवायच्या अगार या जेलीत मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम अ‍ॅम्पिसिलिन हे प्रतिजैविक घालतात. प्लाझ्मिडवर ते फोडणारं जनुक असतं, म्हणजे प्लाझ्मिड असलेल्याच वाचतात. अगार ५० अंशांपर्यंत उतरायच्या आत औषध घातलं तर ते निकामी होतं आणि सकाळी प्लेट गच्च भरलेली दिसते. प्लेटी १६ तासांनी काढाव्यात. दिवसभर विसरल्या तर पेशींच्या मोठ्या वसाहतींभोवती बारीक ठिपक्यांची रांगोळी उमटते. मोठ्यांनी आजूबाजूचं औषध फोडलेलं असतं, त्या आडोशाने फुकटे वाढतात. आणि पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत प्लेटी उलट्याच ठेवायच्या, नाहीतर झाकणाचं पाणी गळून सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात. एक्स-गॅल हे निळा रंग देणारं रसायन घातलेलं असेल तर निळ्या वसाहतींत रिकामं प्लाझ्मिड, पांढऱ्यांत बहुधा जनुक. ‘बहुधा’च, क्रम वाचून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भातात हे जनुक पोचवतं अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. हा मातीतला बॅक्टेरिया मुळात झाडांत गाठी करणारी जनुकं घुसवतो. गाठीची काढून आपलं जनुक तिथे ठेवतात. दाण्यातल्या अंकुरापासून वाढवलेल्या कॅलसबरोबर (पेशींच्या बिनआकारी गोळ्याबरोबर) तो दोन-तीन दिवस राहू देतात, मग हायग्रोमायसिनवर निवड; जनुकासोबत हे औषध सोसायचं जनुकही घातलेलं असतं. इथे पुन्हा फसगत. रोपाच्या पेशींत थोडा बॅक्टेरिया उरला असेल तर पीसीआर त्याचंही जनुक दाखवतो आणि रिकामं रोप ‘यशस्वी’ ठरतं. म्हणून सदर्न ब्लॉट या चाचणीने, म्हणजे डीएनए कापून त्यातला जनुकाचा तुकडा खुणेने शोधून, ते रोपाच्या स्वतःच्या डीएनएत, किती ठिकाणी बसलंय हे पाहतात. एकाच जागी असेल तर पुढच्या पिढीत साधारण तीनास एक या प्रमाणात ते दिसतं.

मीठ सोसायला परकं जनुक लागतंच असं नाही. कोरगुट हे आपलं खाजनातलं जुनं भात. जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून ‘गोवा धान’ वाणं काढली. केरळच्या पोक्काळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर मीठ सोसायला मदत करणारा सॉल्टॉल नावाचा पट्टा आहे. तिथलं एक जनुक सोडियमला पानांपर्यंत पोचण्याआधीच अडवतं. नेहमीचा संकर करायचा आणि प्रत्येक रोपात तो पट्टा आला का, एवढं डीएनए तपासून बघायचं, हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. २०२५च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या ‘पुसा डीएसटी राइस १’मध्येही परकं जनुक ठेवलेलं नाही; भाताचंच डीएसटी नावाचं जनुक क्रिस्परने, म्हणजे ठरलेल्या जागी डीएनए कापणाऱ्या तंत्राने, बिघडवलं आहे.

प्रयोगशाळेत मिठाची चाचणी बहुधा रोपांवरच होते, कारण ती दोन-तीन आठवड्यांत संपते. भात मात्र दोनदा हळवं असतं, रोप असताना आणि फुलोऱ्यात. खाजनात भर पावसात मीठ धुतलं जातं आणि पाऊस ओसरला की पुन्हा चढतं, नेमकं लोंबी भरण्याच्या सुमारास. ट्रेमध्ये तगलेलं रोप तेव्हा दाणा भरेल की पोल राहील, हे शेतात लावूनच कळतं.