विहीर खणत गेलं तर अमेरिका लागते?

आमच्या यवतमाळकडे विहिरीच्या काठावर बसून पोट्टे अजून सांगतात: खणतच गेलं की थेट अमेरिका, उडी मारली की पलीकडे. नाही बे! विदर्भाच्या नेमकं पायाखाली प्रशांत महासागर येतो. म्हणजे भोक पडलंच तर पाणी लागेल, तेही खारं. रशियात कोला द्वीपकल्पावर खणत खणत १९८९ साली १२,२६२ मीटर खोलपर्यंत गेले. खडक १८० अंशांवर तापलेला, पुढे जमेना. पृथ्वीचं आरपार अंतर तर १२,७०० किलोमीटर.

बरं, पडलं भोक असं धरा. पृथ्वी फिरते. काठावरचा माणूस तिच्यासोबत पूर्वेकडे ताशी दीडेक हजार किलोमीटरनं जातो, खोलातली भिंत त्याहून हळू. म्हणून उडी मारणारा पूर्वेच्या भिंतीलाच घासणार. विहिरीत गोटा टाकला तरी तो सरकतोच, फक्त केसभर.