निखाऱ्यावरची पुडी : शेकोटीवरील फॉइल जेवणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील उन्हाळी शिबिरांत निखाऱ्यांवर शिजवल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पुडीला अजूनही अनेक ठिकाणी ‘होबो डिनर’ म्हटले जाते. त्या नावासोबत मुलांना एक गोष्टही सांगितली जाते : मालगाड्यांवर चढून गावोगाव काम शोधणारे बेघर मजूर असेच जेवत असत आणि त्यांचीच रीत आपण पुढे चालवत आहोत. गोष्ट मनाला भिडणारी आहे, पण खरी नाही. माणशी एक, बंद, चंदेरी पुडी ही दुसऱ्या महायुद्धानंतरची वस्तू आहे. तिचा उगम रेल्वेच्या रुळांकडेला नसून कारखान्यात आणि तिथून मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात आहे. नावाने इतिहास झाकला गेल्यामुळेच तो क्रमाने मांडण्याची गरज भासते.

अन्न गुंडाळून विस्तवात शिजवण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे, आणि तिचे श्रेय कोणत्याही एका समाजाला देता येत नाही. हवाईतील ‘इमू’ या जमिनीतल्या भट्टीत ‘टी’ नावाच्या झुडपाची आणि केळीची पाने वापरतात, मेक्सिकोतील युकातानमध्ये डुकराचे मांस केळीच्या पानात बांधून पुरतात, फ्रान्समध्ये मासा कागदाच्या घडीत भाजतात. आपल्याकडची पानगी आणि पारश्यांची ‘पात्रा नी मच्छी’ याच कुळातली. या सगळ्यांत वेष्टणाचे काम एकच असते : आतल्या पदार्थाची वाफ आतच कोंडायची आणि धग थेट लागू द्यायची नाही. पान हे काम उत्तम करते, पण एकदाच, आणि तेही ते जिथे उगवते त्या प्रदेशात. मिशिगन किंवा मिनेसोटाच्या जंगलात केळीचे पान मिळत नाही. तिथली मुले धातूच्या पापुद्र्याकडे का वळली, याचे अर्धे उत्तर एवढ्यातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर धातूत आहे, आणि तिथे पहिला शब्दगोंधळ भेटतो. अमेरिकेत जुन्या पिढीतले लोक फॉइलला आजही ‘टिनफॉइल’ म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तंबाखू, चहा आणि मिठाई यांवरचे चंदेरी वेष्टण खरोखरच कथलाचे असे. १८७७मध्ये आवाज साठवण्याचे पहिले यंत्र बनले, तेव्हा आवाज कोरला गेला तोही कथलाच्याच पापुद्र्यावर. पण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. आपल्याकडे कल्हईचे पातेले रिकामे चुलीवर ठेवू नये, असे घरोघरी सांगितले जाई. त्यामागचे कारण हेच की कल्हई म्हणजे कथील आणि ते आचेवर पाघळते. फुललेल्या निखाऱ्यांची धग त्या तापमानाच्या कितीतरी वर असते. त्यात अन्नाला कथलाची चव लागते, ही तक्रारही होतीच. तेव्हा या पुडीच्या ‘टिनफॉइल डिनर’ या दुसऱ्या नावाचा शब्दशः अर्थ घेतला, तर असे जेवण शेकोटीवर शिजवणेच कठीण होते.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, हा फरक निर्णायक ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धातू मौल्यवान मानला जाई. १८८६मध्ये विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची पद्धत सापडली आणि त्याची किंमत झपाट्याने उतरली. १९१०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा लाटणारा कारखाना सुरू झाला आणि लवकरच चॉकलेटची वेष्टणे त्याची होऊ लागली. पुढची तीन दशके हा पापुद्रा मुख्यतः कारखान्यांच्या आवेष्टनासाठीच वापरला गेला. गृहिणीच्या हातात त्याची गुंडाळी आली नव्हती.

तिथून १९४७पर्यंतचा टप्पा युद्धाने घडवला. विमानांसाठी अमेरिकेतील अ‍ॅल्युमिनियमचे उत्पादन १९३९ ते १९४३ या चार वर्षांत पाच पटींहून अधिक वाढले. जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्गवरील हल्ल्यांत शत्रूचे रडार फसवण्यासाठी आकाशातून ज्या पट्ट्या सोडण्यात आल्या, त्या अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा चिकटवलेल्या कागदाच्या होत्या. युद्ध संपले तरी भट्ट्या आणि लाटणयंत्रे जागच्या जागी होती आणि त्यांना गिऱ्हाईक हवे होते. १९४७मध्ये घरगुती फॉइलची गुंडाळी अमेरिकी बाजारात आली आणि काही वर्षांतच ती तिथल्या स्वयंपाकघरातली रोजची वस्तू झाली. १९५०च्या दशकात तयार गोठवलेली जेवणे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटल्यांत विकली जाऊ लागली. माणशी एक बंद जेवण ही कल्पना घरात रुजली ती याच काळात, आणि शेकोटीवरच्या पुडीचा विचार तिच्यापासून तोडून करता येणार नाही.

शिबिरांची परंपरा याआधीची होती. स्काउट चळवळ अमेरिकेत १९१०मध्ये पोहोचली. बिस्किटांमध्ये भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेट घालण्याची कृती मुलींच्या स्काउट पुस्तिकेत १९२७मध्येच छापली गेली होती. मात्र जेवण पातेल्यात किंवा तव्यावर होई आणि राखेने काळी पडलेली भांडी ओढ्यावर घासावी लागत. युद्धानंतर मोटारी वाढल्या, कुटुंबे राष्ट्रीय उद्यानांत राहायला जाऊ लागली आणि १९५६मध्ये त्या उद्यानांतील सोयी वाढवण्याचा दहा वर्षांचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. तंबूंसाठी आखलेल्या जागा आणि शेकोटीसाठी बांधलेली आळी हे दृश्य सर्वत्र दिसू लागले. वीस-पंचवीस मुलांना एकाच वेळी जेवू घालायचे आणि नंतर भांडी उरू द्यायची नाहीत, ही शिबिरप्रमुखांची नड फॉइलने भागवली.

कृती जवळून पाहिली, तर तिच्यातला विचार दिसतो. हातभर लांबीचा जाड फॉइलचा तुकडा घ्यायचा. मधोमध कोबीचे पान पसरायचे, त्यावर खिम्याची चपटी वडी, वर बटाटा, गाजर आणि कांद्याच्या पातळ चकत्या, मीठ-मिरी, आणि पुन्हा कोबीचे पान. मग फॉइलच्या समोरासमोरच्या कडा वर एकत्र आणून दोन-तीनदा घडी घालत खाली आणायच्या आणि दोन्ही टोके आत मुडपायची. या घडीला तिकडे औषधविक्रेत्याची घडी म्हणतात, आणि ज्याने वैद्याकडची चूर्णाची पुडी उलगडली आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. आत थोडी हवा राहू द्यायची, म्हणजे वाफेला फिरायला जागा मिळते. ज्वाळेवर नव्हे, तर राखेची पांढुरकी साय धरलेल्या निखाऱ्यांवर पुडी ठेवायची, पाव तासाने उलटायची आणि तितकाच वेळ दुसरी बाजू द्यायची. उघडताना पहिली वाफ तोंडावर येऊ नये म्हणून टोक दूर धरून फाडतात.

चकाकती बाजू आत असावी की बाहेर, यावर शिबिरांत हिरिरीने वाद होतात, पण त्याने शिजण्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. शेवटच्या लाटणीत दोन पापुद्रे एकत्र यंत्रातून जातात. रुळाला लागलेली बाजू चकाकते आणि एकमेकांना लागलेली मंद राहते, एवढाच त्याचा अर्थ. कोबीच्या पानाचे महत्त्व मात्र खरे आहे. ते जळते आणि आतले अन्न वाचवते, म्हणजे केळीच्या पानाचे काम धातूच्या आत पुन्हा पानानेच करावे लागते.

आता नावाकडे. ‘होबो’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम भागात रूढ झाला. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, पण वापर स्पष्ट होता. काम करत हिंडतो तो होबो, काम न करता हिंडतो तो ‘ट्रॅम्प’ आणि ना हिंडतो ना काम करतो तो ‘बम’, असा भेद ते मजूर स्वतः काटेकोरपणे पाळत. यादवी युद्धानंतर रेल्वेचे जाळे पसरले, पिके काढायला, झाडे तोडायला आणि रूळ टाकायला हंगामी हात लागू लागले, आणि हे लोक मालडब्यांतून त्या कामांमागे जाऊ लागले. १९२९नंतरच्या महामंदीत त्यांची संख्या अतोनात वाढली आणि त्यांत कोवळ्या वयाची मुलेही होती.

त्यांच्या स्वयंपाकाविषयी पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. रेल्वे यार्डांजवळच्या त्यांच्या तळांना ‘जंगल’ म्हणत. तिथे एखाद्या मोठ्या डब्यात पाणी उकळत असे आणि येणारा प्रत्येक जण जवळ असेल ते त्यात टाकत असे : एकाचा बटाटा, दुसऱ्याचा कांदा, तिसऱ्याने कुठून तरी मिळवलेला हाडांचा तुकडा. त्या रश्श्याला ‘मलिगन’ म्हणत आणि तो सर्वांनी वाटून खायचा असे. आयोवा राज्यातील ब्रिट या छोट्या गावात १९००पासून होबोंचा मेळावा भरतो आणि तिथे आजही मोठ्या कढईत मलिगन रटरटते. थोडक्यात, ज्यांच्या नावाने ही पुडी ओळखली जाते, त्यांचे जेवण पुडीच्या नेमके उलट होते. त्यांच्याकडे फॉइलची गुंडाळी नव्हती, खिम्याची वडी माणशी एक नव्हती, आणि प्रत्येकाचे वेगळे बांधून घेण्याइतके कुणाजवळच काही नव्हते. एकाचा कांदा दुसऱ्याच्या पोटात जाण्यावरच ते जगले.

नाव ठेवावे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा की होबोंनी स्वतः तो शब्द अभिमानाने मिरवला, आणि शिबिरातल्या मुलांच्या मनात त्याविषयी कुचेष्टा नसते. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पण अभिमान त्यांच्या श्रमाचा होता, आणि नाव लागले ते पोटभर जेवणाऱ्यांच्या एका संध्याकाळच्या गमतीला. काही शिबिरांनी अलीकडे साधे ‘फॉइल पॅकेट’ हे नाव स्वीकारले आहे. मुलींच्या स्काउट पथकांत ‘सिल्व्हर टर्टल’, म्हणजे चंदेरी कासव, हे नाव आधीपासूनच होते. ते पुडीच्या आकारावरून आलेले, कुणाचे काही हिरावून न घेणारे आणि मुलांना आवडणारे नाव आहे. माझ्या मते तेच सर्वत्र चालावे.

मराठीत याचे ‘भटक्यांचे जेवण’ असे रूपांतर करणे अधिकच चुकीचे ठरेल. सह्याद्रीत गड चढणारे लोक स्वतःला कौतुकाने भटके म्हणवतात, पण महाराष्ट्रात त्याच शब्दामागे भटक्या-विमुक्त जमातींचा इतिहास उभा आहे. १८७१च्या कायद्याने त्यांतल्या अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२मध्ये रद्द होईपर्यंत तो शिक्का पुसला गेला नाही. शेकोटीवरच्या चंदेरी पुडीला त्यांचे नाव देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

नावाच्या वादाइतकी चर्चा फॉइलच्या उरलेल्या तुकड्यांची होत नाही, पण व्हायला हवी. फॉइल शेकोटीत टाकले की जळून जाते, असा समज पहिल्या काही दशकांत सर्रास होता. प्रत्यक्षात ते फाटते, काही ठिकाणी वितळून त्याचे मणी होतात आणि उरलेले राखेत तसेच राहते. पावसानंतर शेकोटीच्या जुन्या जागेवर राख धुऊन जाते आणि खाली नखाएवढे चंदेरी तुकडे लुकलुकताना दिसतात. त्यांना चिकटलेल्या चरबीच्या वासाने प्राणी येतात, आणि अस्वलांच्या प्रदेशात ही किरकोळ बाब नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘जे नेले ते परत आणा’ हा नियम रूढ झाला, तेव्हा भांडी न घासता जेवण्याची सोय ही राख चाळण्याच्या कामात बदलली.

आरोग्याचे प्रश्न नंतर आले. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर आणि मीठ यांच्या सान्निध्यात अ‍ॅल्युमिनियम अन्नात उतरते. युरोपातील अन्नसुरक्षेच्या अधिकृत गटाने २००८मध्ये शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे आठवड्याला १ मिलिग्रॅम ही सहन होण्याजोगी मर्यादा सांगितली. वर्षातून दोन-तीनदा शिबिरात जाणाऱ्याला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, पण लिंबू पिळायचे तर ते पुडी उघडल्यावर पिळावे, हे शहाणपणाचे. अधिक गंभीर घटना टेक्सासमधील एल पासो येथे १९९४मध्ये घडली. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे फॉइलसकट बाहेरच ठेवून दिले गेले आणि नंतर त्यांपासून केलेला पदार्थ खाऊन ३० जणांना बॉट्युलिझम ही एका जंतूच्या विषामुळे होणारी जीवघेणी विषबाधा झाली. हवा न पोहोचणारी जी घडी वाफ कोंडते, तीच थंड झाल्यावर या जंतूला वाढायला जागा देते. उरलेली पुडी उघडून लगेच थंडाव्यात ठेवावी, ही सूचना तेव्हापासून आग्रहाने केली जाते. खिम्याच्या वडीचा गाभा ७१ अंशांपर्यंत तापला पाहिजे, हा नियमही अमेरिकेत आता सर्वमान्य आहे, आणि बंद पुडीत ते डोळ्यांनी कळत नसल्याने अनेक शिबिरांत तापमापक वापरतात.

१९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई स्थलांतरितांना अधिक उघडली, आणि पुढे मराठी घरांतली मुलेही या शिबिरांत जाऊ लागली. त्यांच्यापैकी शाकाहारी मुलांना पुडीच्या वेगळेपणाचा खरा उपयोग झाला. एकाच निखाऱ्यांवर शेजारी खिम्याची पुडी आणि पनीर-बटाट्याची पुडी, दोन्हींवर खुणेसाठी मुडपलेले वेगवेगळे कोपरे, आणि दोन्हींचा रस आपापल्या घडीत.

इकडे रायगड जिल्ह्यात उलट प्रवास सुरू आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात ठासून, मडके पालथे घालून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. तीत कोंबडी घालायची तर ती केळीच्या पानात बांधून घालत असत. आता अनेक ठिकाणी ती फॉइलमध्ये बांधली जाते. मडके फोडून शेंगा पसरल्या की पाला गुरांपुढे किंवा शेतातच जातो, आणि फॉइलचा चोळामोळा बांधावर पडून राहतो. ज्या वाडीत केळ दारात उभी आहे, तिथे तरी पानच वापरावे.