ठिपका स्वस्त, जागा महाग

भाची एअर रायफलसाठी ऑनलाइन मागवलेली रेड डॉट साइट, म्हणजे नेम धरायला रायफलवर बसवायचं छोटं उपकरण, घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा पहिला आक्षेप आईने घेतला. “लेसर आहे ना तो? समोरच्या बिल्डिंगमधल्या कोणाच्या डोळ्यात गेला तर?” घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत गॅलरीतून पाण्याचा थेंब खाली पडला तरी ग्रुपवर मेसेज येतो, तेव्हा शंका अगदीच अनाठायी नव्हती. मी भाचीला समोर उभं केलं, साइट तिच्याकडे रोखली आणि विचारलं, “लाल काही दिसतंय?” काही नाही. आईच्या हातात साइट दिली. तिला भाचीच्या कपाळावर लख्ख टिकली दिसली.

लेसर आणि रेड डॉट यांत नेमका हाच फरक आहे. लेसरचा ठिपका लक्ष्यावर पडतो आणि सगळ्यांना दिसतो. रेड डॉटचा ठिपका लक्ष्यावर नसतोच. तो असतो फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यात.

साइटच्या नळीच्या मागच्या बाजूला, खाली किंवा कडेला, एक बारीक लाल एलईडी असतो. त्याचा उजेड पुढच्या काचेवर पडतो. ही काच किंचित अंतर्गोल असते आणि तिच्यावर असा लेप असतो की ती लाल रंगाचा एक अरुंद पट्टा तेवढा परतवते, बाकीचा उजेड आरपार जाऊ देते. शाळेत शिकलेला अंतर्गोल आरसा आठवा: नाभीत ठेवलेल्या दिव्याचे किरण परावर्तनानंतर समांतर निघतात. मोटारीच्या हेडलाइटमध्ये हेच घडतं. इथे ते समांतर किरण आपल्या डोळ्यात येतात, आणि समांतर किरण आले की डोळ्याला वाटतं वस्तू फार फार लांब आहे.

रात्री लोकलने कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना खिडकीतला चंद्र आपल्यासोबत धावतो, जवळचे खांब मात्र भराभर मागे पडतात. चंद्र इतका लांब आहे की आपण शंभर मीटर सरकलो तरी त्याची दिशा बदलत नाही. साइटमधला ठिपका हा असा खिशातला चंद्र. डोकं थोडं हललं तरी त्याची दिशा तीच राहते. साध्या लोखंडी साइटमध्ये मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. चाळिशीनंतर तर मागची खाच धूसरच होते. रेड डॉटमध्ये ठिपका आणि लक्ष्य दोन्ही लांब, दोन्ही एकदम स्पष्ट.

ही युक्ती एका दुर्बीण बनवणाऱ्याची. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं. त्यांच्या कारखान्यातली २० इंची आरशाची दुर्बीण त्याआधीच, १८८८ मध्ये, पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या वेधशाळेत आली होती. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा ध्यास, यांतून ती वेधशाळा उभी राहिली. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ग्रब यांच्या साइटची अडचण दिव्याची होती. विमानावर बसवलेल्या साइटचा बल्ब पेटवता येतो, खांद्यावरच्या रायफलवर बॅटरीचा डबा कोण वाहणार? १९६२ मध्ये निक होलोनॅक यांनी लाल उजेड देणारा एलईडी केला आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने तो साइटमध्ये बसवून बाजारात आणला.

आज लाल एलईडी काही रुपयांत मिळतो. काचेवरचा लेपही आता काही दुर्मीळ राहिलेला नाही. मग एक साइट दीड-दोन हजारांत आणि दुसरी तिच्या कितीतरी पट किमतीला, असं का?

आकडेमोड करू. ठिपक्याचा आकार एमओएमध्ये सांगतात. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटिमीटर होतो, १० मीटरवर २.९ मिलिमीटर. पूर्ण चंद्र साधारण ३१ एमओए दिसतो, म्हणजे ३ एमओएचा ठिपका चंद्राच्या एक-दशांश. आता समजा आरशाचं नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे. ठिपका १ एमओए सरकायला एलईडी किती हलायला हवा? ५० मिलिमीटरचा सुमारे साडेतीन हजारावा भाग, म्हणजे ०.०१५ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. एलईडी केसाच्या पाचव्या हिश्श्याएवढा ढळला की नेम १ एमओएने चुकला. तो थंडीत, उन्हात, धक्क्यांत, हजार छर्ऱ्यांनंतरही तिथेच राहायला हवा. आपण पैसे मोजतो ते ठिपक्याला जागेवर धरून ठेवण्याचे. ठाण्यात घर घेणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको: विटा-सिमेंटचा खर्च एकीकडे, जागेचा भाव दुसरीकडे.

स्प्रिंगच्या एअर रायफलवर हे आणखी जड जातं. आत जाड स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते तेव्हा रायफल मागे येते, आणि दट्ट्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो तेव्हा ती पुढे झटका देते. साध्या बंदुकीच्या एकतर्फी धक्क्यासाठी बांधलेली साइट या उलटसुलट हिसक्यांत लवकर ढिली पडते. “एवढीशी तर हवेची बंदूक, कुठलीही चालेल,” असं दुकानदार म्हणतो तेव्हा त्याला हे माहीत नसतं, किंवा असतं. खरेदीआधी साइट बसवायची पट्टीही पाहा. एअर रायफलवर बहुधा ११ मिलिमीटरची डोव्हटेल खाच असते, आणि बाजारातल्या पुष्कळशा साइट सुमारे २१ मिलिमीटरच्या पिकाटिनी पट्टीसाठी असतात. मधला जोड घ्यावा लागतो, म्हणजे ढिलं व्हायला आणखी एक ठिकाण.

भाचीच्या साइटची परीक्षा आम्ही गॅलरीतच घेतली. रायफल बाहेर काढायची नाही, हा पहिला नियम. शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे नळी रोखणं हा विज्ञानाचा विषय नव्हे, पोलीस स्टेशनचा आहे. सुताराकडून लाकडी ठोकळा आणला, त्यावर पट्टीचा तुकडा स्क्रूने बसवला आणि ठोकळा क्लॅम्पने टेबलाला आवळला. नेम धरला समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपावर, अंदाजे ६० मीटर. या अंतरावर १ एमओए म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर, जाडसर बोटाएवढा.

आधी साइटला हात न लावता डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे, वरून खाली. आरसा अचूक असेल तर ठिपका काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरेल, पण टाकीवरची त्याची जागा सुटणार नाही. आमचा ठिपका मधल्या भागात शहाण्यासारखा राहिला आणि कडेला जाताच पाइपापासून चार बोटं सरकला. एकेरी गोलाकार आरशाच्या कडेचे किरण मधल्या किरणांशी समांतर निघत नाहीत, एलईडी बाजूला असल्याने आरसा तिरका बसवावा लागतो आणि दोष वाढतो. चांगल्या साइटमध्ये दोन काचा चिकटवून परावर्तक पृष्ठभाग त्यांच्यामध्ये ठेवतात, तो खर्च इथे वाचवलेला.

मग ठिपका सरकवणारे स्क्रू. वर २०, उजवीकडे २०, खाली २०, डावीकडे २० क्लिक. चौकोन पूर्ण होऊन ठिपका निघाला तिथेच परतायला हवा. तो दोन बोटं अलीकडे थांबला. लाटण्याने ठोकळ्यावर हलकेच टकटक केल्यावर उरलेलं अंतर गेला! आतली स्प्रिंग ढिली, स्क्रू फिरूनही साइटची आतली नळी मागे रेंगाळत होती. माझ्या मते स्वस्त साइट घेताना एकच परीक्षा करायला मिळाली तर ही करावी. आरशाचा दोष ठिपका मध्यभागी ठेवून टाळता येतो, सैल स्प्रिंगवर नेमबाजाकडे इलाज नाही.

भाचीची तक्रार निराळीच होती. “मामा, ठिपका गोल कुठे आहे? शेपटी आहे त्याला.” मलाही तो फुटलेल्या फटाक्यासारखा दिसत होता. साइट परत करायला निघालेल्या लोकांनी इथे थांबावं. साइट डोळ्यासमोर धरून तिच्या नळीच्या अक्षाभोवती फिरवा. शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा. साइट फिरूनही शेपटी जागची हलली नाही, तर दोष डोळ्याचा. ज्याला आपण चष्म्यातला ‘सिलिंडर नंबर’ म्हणतो त्यामुळे प्रकाशाचा बारीक ठिपका असाच ओघळतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर ठिपका अगदी गोल दिसला. माझा सिलिंडर मला ठाऊक होता, भाचीचा त्या संध्याकाळी कळला. उजेड कमी केल्यावर शेपटी पुष्कळ आखडते. तसाही ठिपका जेमतेम दिसेल इतकाच मंद ठेवावा. भडक ठिपका पसरतो आणि लक्ष्यच झाकतो.

दहा मीटरच्या रेंजवर वापरायची असेल, तर ‘पॅरलॅक्स फ्री’ (डोळा हलला तरी नेम हलत नाही) या शब्दावर विसंबू नये. दोष नसलेल्या, महागड्या साइटचेही किरण रायफलच्या नळीला समांतर असतात, ते एका रेषेत नसतात. डोळा मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला गेला, तर नेमाची रेषाही एक सेंटिमीटर बाजूला सरकते आणि तशीच समांतर जाते. १०० मीटरवर एक सेंटिमीटरने काही बिघडत नाही. पण १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं अर्ध्या मिलिमीटरचं, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा! म्हणून जवळच्या अंतरावर गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकवणं आणि ठिपका काचेच्या मध्यभागी ठेवणं, हे दोन हजारांची साइट असो वा लाखाची, सुटत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलवर भिंगाची साइट चालतच नाही. अभिनव बिंद्रा यांचं २००८चं सुवर्ण असो की स्वप्नील कुसाळे यांचं २०२४चं ५० मीटरचं कांस्य, ते बारीक छिद्रातून नेम धरूनच आलं. भाचीला क्लबमध्ये जे शिकवतात ते हेच. रेड डॉट फक्त रविवारच्या हौसेसाठी, तीही क्लबच्या रेंजवर. येऊरच्या जंगलात नव्हे. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे एअर रायफलही नेता येत नाही.

बॅटरीच्या जाहिराती तपासणं सोपं. सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. ‘५०,००० तास’ म्हणजे एलईडीला सुमारे ४ मायक्रोअँपिअर, तेही मंद उजेडावर. तोच एलईडी १ मिलिअँपिअर खाऊ लागला तर सेल नऊ-दहा दिवसांत संपतो. हलवणं थांबलं की आपोआप बंद होणारी साइट मिळाली तर त्यासाठी दोनशे रुपये जास्त द्यावेत. आम्ही दिले नव्हते.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापड मऊ पडतात, तिथे काचेला बुरशी येणारच. उघड्या, एकाच काचेच्या साइटमध्ये एलईडीसमोर पाण्याचा एक थेंब बसला की ठिपका गायब. बंद नळीची, आत नायट्रोजन भरलेली साइट आतून धुरकट होत नाही. ‘आयपीएक्स ७’ असं लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची ती कसोटी आहे. काहीही घेतलं तरी पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, फोमच्या काळ्या पेटीत नको. फोम ओल धरून ठेवतो.

भाचीने मग बंद नळीची, ३ एमओएची साइट घेतली, क्लबमधल्या एकाकडून वापरलेली, चौकोनाची परीक्षा दुकानात नव्हे तर त्याच्या घराच्या खिडकीत घेऊन. पहिली माझ्याकडे राहिली. मी ती माझ्या छोट्या दुर्बिणीवर बसवली आहे. दुर्बिणीत एका वेळी अंशभर आकाश दिसतं, म्हणजे ६० एमओए, त्यात ठिपका चार-पाच एमओए इकडेतिकडे रेंगाळला तर कोणाचं काय जातं? परवा ढग जरा फाटले तेव्हा भाचीने तिच्यातून शनी पहिल्या प्रयत्नात पकडला. नंतर साइट बंद करायची राहिली, सकाळी सेल संपला होता.